आधी गवत, मग चंदी!

मित्रांनो, माथेरानला गेलात की घोड्यावर बसण्याचा हट्ट तुम्ही धरणारच. फेरी संपली की कुणी त्या तट्टाला बिस्किटे चारतो, कुणी पाव, तर कुणी गुळाचा खडा. बिचारे दमले असेल, असे आपल्याला वाटते. पण माझे मत विचाराल, तर ही माया त्याला मानवणारी नाही. का, ते पाहू.

गाय आणि घोडा दोघेही गवतच खातात. पण दोघांच्या पोटाची रचना निराळी आहे. गाय भराभर चरते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठरही लहान, साऱ्या अन्नमार्गाच्या जेमतेम दहाव्या भागाइतके. म्हणून मोकळा घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत राहतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते. त्याची तीव्रता कमी करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. पोट तासन् तास रिकामे राहिले, तर जठराला आतून व्रण पडू शकतात.

गवतातले चिवट तंतू पचवतात ते मोठ्या आतड्यातले असंख्य सूक्ष्मजीव. एकदम पुष्कळ धान्य पोटात गेले, तर त्यातले पिष्ट लहान आतड्यात पुरते पचत नाही. ते पुढे जाऊन झपाट्याने आंबते, आम्ल वाढते आणि उपयोगी सूक्ष्मजीव मरतात. मग पोटशूळ उठतो. आपल्याला काही बाधले तर उलटी होते. घोड्याला तीही सोय नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते, की तो सहसा उलटी करूच शकत नाही. कधी हे दुखणे पायांत उतरते. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारे नाजूक पदर सुजतात आणि धावणारा घोडा लंगडू लागतो.

मग चंदी नकोच का? तसे नाही. चढउतारावर राबणाऱ्या तट्टाला नुसते गवत अनेकदा पुरत नाही. पण आधी गवत, मग चंदी हा क्रम मोडू नये. २०० किलो वजनाच्या तट्टाला रोज निदान ३ ते ४ किलो चांगले वाळलेले गवत हवे. भरड्याची चंदी कामाच्या मानाने, दोन-तीन वेळा विभागून द्यावी. पावसाळ्यात फेऱ्या घटल्या, की चंदीही घटवावी. आहारातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. बुरशी आलेले गवत देऊ नये आणि स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे.

गवताचे भारे डोंगरावर आणायला पैसे पडतात, हे खरे. पण आजारी घोडा त्याहून महाग पडतो. ज्याचे घर घोड्यावर चालते, त्याचा घोडा बसला म्हणजे घरची चूलही अडते.

यात तुम्हालाही काही करता येईल. मालकाला विचारल्यावाचून घोड्याला काही चारू नका. तट्टू गवत खात असेल, तर त्याचे खाणे होईपर्यंत थांबा. फेरी थोडी उशिरा झाली म्हणून बिघडत नाही. आणि बिस्किटांचा पुडा? तो खुशाल तुम्हीच संपवा!