गोळी फसली नाही, माहिती दडवली गेली

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वाचनवर्ग असतो. मागे एकदा वर्ग संपल्यावर एक वहिनी मागे रेंगाळल्या. कडेवर आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं लेकरू. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, मला परत दिवस गेलेत. गोळी घेत होते मी, तरी असं कसं झालं?"

घरात त्यांना सगळ्यांनी आधीच दोषी ठरवलं होतं. सासू म्हणे निष्काळजी, नवरा म्हणे गोळ्याच भंकस. मी पाकीट आणायला सांगितलं. ते फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्यांचं निघालं. पहिल्या बाळाच्या आधी वहिनी 'माला-एन' घेत असत. त्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. शेवटच्या सात राहिल्या तरी चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून या पाकिटातल्याही शेवटच्या सात त्यांनी सोडल्या. पण इथे २८ च्या २८ गोळ्या औषधाच्या असतात. दवाखान्यात हे कुणी सांगितलं नाही आणि पाकिटातला कागद इंग्रजीत होता.

आता सांगा, निष्काळजी कोण?

मित्रांनो, "हा बायकांचा विषय आहे, चळवळीचा नाही" असं म्हणून पुढे जाऊ नका. आधी ही गोळी समजून घ्या.

नेहमीच्या मिश्र गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन असतात. या गोळीत इस्ट्रोजेन नसतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव ती घट्ट करते, त्यामुळे शुक्राणू आत शिरू शकत नाहीत. डेसोजेस्ट्रेलची गोळी बीज बाहेर पडणंही थांबवते. पण हा परिणाम टिकायचा तर गोळी रोज, ठरलेल्या वेळी पोटात गेली पाहिजे. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं सुरू. पाळी असो वा नसो, खंड नाही.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर संरक्षण लगेच मिळतं. नंतर सुरू केली तर पहिले दोन दिवस निरोध वापरायचा. जुन्या प्रकारच्या गोळीला ३ तासांपेक्षा जास्त उशीर झाला, किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला १२ तासांपेक्षा जास्त, तर ती चुकली असं धरायचं. मग आठवेल तेव्हा लगेच एक घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी घाबरायचं कारण नाही. त्यानंतर किमान दोन दिवस निरोध वापरायचा. पाकिटावर जास्त दिवस लिहिले असतील तर तितके दिवस. या मधल्या काळात निरोधाशिवाय संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत तातडीच्या गोळीबद्दल विचारायचं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची.

आपल्या वस्त्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं या गोळीचा परिणाम कमी करतात. असं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय घ्यायचा. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या बाईला ही गोळी योग्य नाही. अधूनमधून डाग दिसणं किंवा पाळी अनियमित होणं नेहमीचं आहे. त्याला घाबरून गोळी मधेच सोडणं हेच पुष्कळदा दिवस राहण्याचं कारण ठरतं. आणि ही गोळी एचआयव्हीपासून वाचवत नाही, त्यासाठी निरोधच हवा.

हे समजायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं वहिनींना कुणी दिली नाहीत. आपल्या पूर्वजांना अक्षर नाकारलं गेलं, ते असंच. आज औषध हातात मिळतं, ते वापरायचं ज्ञान मिळत नाही. ज्ञानाची मक्तेदारी पोथीत होती तशी ती इंग्रजी कागदातही असू शकते.

काही कार्यकर्ते म्हणतात, संततिनियमन म्हणजे सरकारचा गरिबांवरचा डाव. जबरदस्तीला विरोध केलाच पाहिजे, मीही करते. पण बाईने स्वतः घेतलेला निर्णय ही जबरदस्ती नव्हे. बाबासाहेबांची भूमिका इथे स्पष्ट आहे. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरावरून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. ज्या विषयावर बाबासाहेब पराभव पत्करून उभे राहिले, त्यावर बोलायला आपण का लाजतो?

दुसरा प्रश्न पुरुषांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के आहे. म्हणजे मूल नको हे दोघांनी ठरवायचं, टेबलावर झोपायचं एकटीने. समतेवर भाषण देणाऱ्या भावाने निदान रोज गोळीच्या वेळेचा गजर आपल्या मोबाईलवर लावावा आणि गोळी चुकली तर निरोध वापरताना कुरकुर करू नये.

वहिनींचं पुढे काय झालं? गर्भनिरोधक साधन फसल्यावर गर्भपात करून घेण्याची मुभा कायद्यात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेलं असण्याचीही अट नाही आणि २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. मी हे सांगितलं आणि गप्प बसले, कारण निर्णय त्यांचा होता. त्यांनी काय ठरवलं, ते इथे लिहिणार नाही. तोही त्यांचाच अधिकार.

पण आपण काय ठरवायचं ते लिहिते. जयंतीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या शंभराव्या भागात मराठीत एक पान छापून होतं. 'रोज, एकाच वेळी, खंड नाही' एवढ्या शब्दांनी ते सुरू करा. वस्तीतल्या आशाताईंकडून तपासून घ्या आणि विहाराच्या भिंतीवर लावा. पाकिटातला कागद मराठीत हवा, अशी मागणी करा. 'शिका' हा शब्द फक्त परीक्षेसाठी नव्हता. आपल्याच शरीराबद्दल आपल्या बायका अडाणी ठेवल्या जात असतील, तर आपली चळवळ अजून पहिल्याच शब्दावर अडली आहे.

जय भीम!