गारगोटीचा खजिना कुणी वाहिला?

दोस्तहो, मे महिन्यात गावाकडं जाणारे आपण. कुणी वरळीच्या चाळीतून, कुणी पुण्याच्या झोपडपट्टीतून, कुणी पिंपरीच्या कंपनीत सुट्टी टाकून. कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटी धरायची, दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर जायचं. वेदगंगेच्या काठावर गारगोटी येते. भुदरगड तालुक्याचं ठाणं. तिथून पुढं आपापली वाडी.

या गावाचा इतिहास विचारा. कुणीही सांगेल. भुदरगड सांगेल, शिवाजी महाराज सांगेल, पाटगावचे मौनी महाराज सांगेल, बेचाळीसचे सात हुतात्मे सांगेल, जे. पी. नाईकांचं मौनी विद्यापीठ सांगेल. पाच थांबे. यात्रा संपली. चहा घ्या.

यातलं खोटं काही नाही. अर्धं आहे, एवढंच. आणि अर्धा इतिहास पुऱ्या खोट्यापेक्षा वाईट. खोटं पकडता येतं. अर्ध्याला पकडायचं कुठं? तो खराच बोलत असतो. फक्त आपलं नाव आलं की त्याला खोकला येतो.

म्हणून मी त्याच पाच थांब्यांवरून पुन्हा चालणार आहे. प्रश्न एकच. हे उभं कुणी केलं, आणि उभं झाल्यावर ते कुणाचं झालं?

*

पहिला गड. परंपरा सांगते की शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं तो बांधला. पुढं शिवाजी महाराजांनी तो नीट केला, नंतर तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडं राहिला. ठीक. पण गड राजा राखत नसतो. गड राखतो तो गडकरी. आणि त्याच्याही खाली मेटावर, रानात, वाटेवर रात्र काढतो तो रामोशी, बेरड, महार, मांग. मराठी मुलखातल्या किल्ल्यांची ही रीतच होती. पगार म्हणून जमिनीचा तुकडा. त्या तुकड्यावर पिढ्या काढायच्या आणि गडासाठी मरायचं.

१८४४ साली कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या मर्जीतला कारभारी आला. दाजी कृष्ण पंडित. त्यानं जुनी व्यवस्था मोडायला घेतली, गडकऱ्यांना मामलेदारांच्या हाताखाली घातलं. गडकरी बिथरले. सामानगड उठला, भुदरगड उठला. इंग्रजांच्या तोफांनी भुदरगड पाडला.

शाळेच्या पुस्तकात याला गडकऱ्यांचं बंड म्हणतात. बरोबर. पण जमीन गेली ती काय एकट्या गडकऱ्याची? मेटावरच्या माणसाचं काय झालं? तोफेचा गोळा वरच्या सदरेवर पडला त्याची नोंद आहे. खालच्या खोपटावर पडला त्याची कुणी ठेवली? गड पडला, माणसं खाली आली आणि पोटासाठी त्याच गावगाड्याला जुंपली गेली.

मग आला काळ कचेरीचा.

*

आता खजिना.

१३ डिसेंबर १९४२ ची रात्र. चले जावचे दिवस. भूमिगत चळवळीला पैसा हवा होता, म्हणून क्रांतिकारकांनी गारगोटीच्या कचेरीवर चाल केली. खजिना फोडायचा बेत. गोळीबार झाला. सात जण गेले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके, मुरगूडचे तुकाराम भारमल आणि त्यांचे साथी. त्यांचं स्मारक गारगोटीत आहे. तिथं मान वाकवावी. मी वाकवतो. देशासाठी जीव देणाऱ्याची जात मी विचारत नाही.

पण मला दुसरंच सुचतं. खजिन्यात पैसा आला कुठून?

गावाचा सारा गोळा व्हायचा. पाटील, कुलकर्णी रुपये मोजायचे. आणि ती थैली कचेरीपर्यंत पोचवायला सोबत कोण? तराळ. म्हंजे आपला महार. काठी घेऊन पुढं पळायचं, सरकारी टपाल न्यायचं, साहेबाच्या घोड्याला वैरण टाकायची, मेलेलं ढोर ओढायचं आणि सरकारचा पैसा सुखरूप पोचवायचा. इतका विश्वास! लाखाची थैली महाराच्या सोबतीनं चालते. पण त्याच महाराच्या हातचं तांब्याभर पाणी चालत नाही. पैशाला विटाळ नाही, पाण्याला आहे. हे गणित ज्यानं शोधलं तो मोठाच हुशार म्हणायचा.

माझा पणजा असा थैलीसोबत गारगोटीला यायचा. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. तो कचेरीच्या पायरीखाली उभा राहायचा. पावती पाटलाच्या हातात पडायची. परतताना नदीवर ओंजळीनं पाणी प्यायचा, तेसुद्धा खालच्या अंगाला. खजिना लुटायला आलेल्यांचा इतिहास झाला, ते योग्यच झालं. खजिना भरणाऱ्याच्या पाठीवरच्या वळाचा कधी होणार?

*

या मुलखात एक राजा असा झाला की त्यानं हा प्रश्न कागदावर आणला. शाहू महाराज. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा. १९१८ ला संस्थानातलं महार वतन खालसा. बाकीच्या महाराष्ट्रात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला, आणि त्याआधी बाबासाहेबांना १९२८ पासून मुंबई कौन्सिलात झगडावं लागलं. चाळीस वर्षांचं अंतर!

आणि १९१९. हे साल पाठ करा. त्या सप्टेंबरात शाहूंचा हुकूम निघाला की सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे, विहिरी इथं शिवाशीव पाळायची नाही. पाळली तर गावचा पाटील आणि तलाठी जबाबदार. पाठोपाठ ऑक्टोबरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी पोरं एका शाळेत. बोले ठराव १९२३ चा. चवदार तळं १९२७ चं. त्याच्या कितीतरी आधी गारगोटीच्या पाणवठ्यावर आपला कायदेशीर हक्क होता!

होता ना? मग पणजा खालच्या अंगाला का पीत होता? त्याचा पोरगा, म्हंजे माझा आजा, पुढची कित्येक वर्षं तिथंच का पीत होता?

कारण हुकूम कोल्हापुरात निघतो आणि पाणी गावात असतं. हुकूम गावात वाचून दाखवायचा तो पाटलानंच. त्या हुकमानं जबाबदार कोण धरायचा, तर तोच पाटील. वाघानंच शेळीची फिर्याद लिहून घ्यायची. राजाची नियत चोख होती, पण खाली माणसं जुनी होती. तेच पुन्हा सांगायला १९५० साली संविधानाचं पंधरावं कलम लागलं. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते सगळ्यांचे. सतरावं कलम लागलं. १९५५ चा कायदा लागला. १९८९ चा लागला. एकच गोष्ट किती वेळा सांगायची? जितक्या वेळा ती मोडली जाते तितक्या वेळा.

*

आता शाळा. जयंत पांडुरंग नाईक हा आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा माणूस. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेला. दिल्ली-मुंबईत बसून मोठा झाला असता, तो गारगोटीला आला आणि मौनी विद्यापीठ उभं केलं. डोंगरातल्या पोरांना शिक्षण त्यांच्याच उंबऱ्यात. पुढं १९५६ मध्ये केंद्र सरकारनं ग्रामीण संस्थांची योजना काढली, तिच्यातही गारगोटी होती. ग्रामीण भागाची कामं जाणणारे इंजिनिअर तिथं शिकले. रस्ता, पूल, बंधारा कसा बांधायचा ते तिथं शिकवलं गेलं. ही साधी गोष्ट नाही.

हेच नाईक १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगानं सांगितलं की सगळ्यांना समान शाळा, शेजारची शाळा. साहेबाचं पोर आणि सफाई कामगाराचं पोर एका बाकावर. म्हंजे शाहूंनी १९१९ ला जे सांगितलं तेच. अर्ध्या शतकानं पुन्हा.

आणि आज? ज्याच्या खिशात पैसा त्याचं पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतं कोण? आपलं, धनगराचं, शेतमजुराचं. २०२३ साली सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले. भुदरगडसारख्या तालुक्यात डोंगराच्या कुशीत दहा-वीस घरांची वाडी असते. तिथं पट येणार कुठून? तिथल्या पोरीची शाळा चार किलोमीटर लांब गेली की पहिल्या पावसात तिचं शिक्षण संपलं. गावकूस मातीचंच लागतं असं थोडंच आहे? अंतराचंही होतं, फीचंही होतं.

*

शेवटी पाणी. कारण सगळं फिरून पाण्याशीच येतं.

वेदगंगेवर वर पाटगावला धरण आहे, साडेतीन टीएमसीच्या वरचं. खाली नदीवर बंधारे. या बंधाऱ्याला सबंध महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो. शहरातल्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. नदीत दगडी खांब उभे करायचे. खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत फळ्या बसवायच्या. त्यांना बरगे म्हणतात. फळ्यांच्या दोन रांगा, मधी चिकणमाती ठासायची. पाणी अडतं. जूनच्या तोंडाला बरगे काढायचे, नाहीतर पुराचं पाणी बंधाऱ्यावर आदळतं, काठाच्या शेतात घुसतं. दरसाल घालायचे, दरसाल काढायचे.

माझी आज्जी ती माती वाहायची. पाटीनं. कंबरभर पाण्यात गडीमाणसं उभी, काठावरून बायका पाट्या देणार. सांजच्याला मजुरी. आज्जी म्हणायची, "आरं लेका, माती आमी वडली, फुगवटा तेंच्या मळ्याला लागला." आमच्या वाडीत नळ आला तोही असाच. टाकी वरच्या आळीत, पाइप पुढं सरकत सरकत आमच्यापर्यंत येईस्तोवर पाण्याचा जोर संपलेला. नळ होता, पाणी नव्हतं. कागदावर काम पूर्ण. कुणी शिवू नको म्हणालं नाही. गरजच पडली नाही. उतारानंच शिवाशीव पाळली.

दोस्तहो, मला या लेखात एवढंच सांगायचंय. सार्वजनिक काम नारळ फोडला त्या दिवशी सार्वजनिक होत नाही. पाइप कुठं संपतो ते बघा, मग कळेल ते कुणाचं आहे. हक्कसुद्धा बंधाऱ्याच्या बरग्यासारखा. १९१९ ला घातला, कुणीतरी काढला. १९५० ला घातला, परत काढला. एकदा घालून घरी झोपलात की पाणी गेलंच. हल्ली लोखंडी बरगे येतात, तर ते चोरीला जातात. कायद्याचंही तेच. लोखंडाचा केला तरी राखायला माणूस लागतो.

*

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात आलो, सुटलो. कुठं सुटलो? या शहराच्या गटारात कोण उतरतं? १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. तरी मॅनहोलमधून निघणाऱ्या प्रेताचं आडनाव वाचा. शहराचं सार्वजनिक कामही आपल्याच फुफ्फुसावर चाललंय.

२०२० च्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं झालं. पाटी बदला. पण पाटीखालचा नळही बदला. आपल्या वस्तीसाठी वेगळी योजना, वेगळा निधी लागतो, याचाच अर्थ गावाच्या निधीतून गावाचं काम होतं तेव्हा आपण गावात धरले जात नाही.

म्हणून या मे महिन्यात गावी जाल तेव्हा नुसती जत्रा खाऊन येऊ नका. म्हाताऱ्यांजवळ बसा. कुठल्या रस्त्याची खडी कुणी फोडली, कुठल्या बंधाऱ्याची माती कुणी वाहिली, कोण दरडीखाली गेलं, नावानिशी लिहून घ्या. म्हातारी माणसं पिकली पानं आहेत. ती गेली की हजेरीपट गेला. दुसरं काम. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. ग्रामपंचायतीत अर्ज टाका. उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, ते कुठं गेले? वस्तीच्या नावावर मंजूर झालेला रस्ता कुणाच्या दारात वळला? अंदाजपत्रक घ्या, टेप घ्या आणि रस्ता मोजा. घोषणेपेक्षा टेपला जास्त घाबरतात हे लोक.

तिसरं. स्मारकाला जा. त्या सात जणांना सलाम करा. मग कचेरीच्या पायरीवर उभे राहा. खाली नाही, पायरीवर. तिथं माझा पणजा पावतीची वाट बघत होता. ती पावती अजून यायची आहे.

गारगोटी म्हंजे चकमकीचा दगड. नुसता पडून राहिला तर बिनकामाचा खडा. त्याच्यावर काहीतरी आपटावं लागतं.