बातमी आहे, पुरावा नाही

पुण्याच्या सदाशिव पेठेतील स्पर्धा परीक्षांच्या एखाद्या अभ्यासिकेत शिरा आणि 'चालू घडामोडी कुठून वाचता?' असे विचारा. बहुतेकांचे उत्तर टेलिग्राम हेच असेल. कुणीतरी वर्तमानपत्रातून उतरवलेले, दुसऱ्याने कापलेले आणि तिसऱ्याने आपल्या क्लासचा शिक्का मारून पुढे ढकललेले ते पीडीएफ. मूळ बातमी कोणत्या दैनिकाची, कोणत्या तारखेची, दुसऱ्या दिवशी तिचा खुलासा आला होता का, याचा त्यात पत्ता नसतो. याच मुलांना उद्या उपजिल्हाधिकारी म्हणून इतरांचे कागद तपासायचे आहेत! दोष मुलांचा नाही. त्यांना दुसरी वाट दाखवली कुणी?

ती वाट आहे. ग्रंथालयांसाठी तयार झालेल्या वृत्त-डेटाबेसमध्ये दैनिक, तारीख आणि विषय लावून बातमी हुडकता येते. धरणाच्या खर्चाचा पहिल्या दिवशीचा आकडा आणि वर्षभरानंतरचा सुधारित आकडा शेजारी ठेवता येतो. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या डेटाबेसच्या संग्रहात शब्द टाकून शोधता येतात; अर्थात ज्या संस्थेने वर्गणी भरली आहे, तिथेच. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षे झाली, तरी आमची प्रमुख दैनिके एकत्र शोधता येतील असा खुला संग्रह मराठीत उभा राहिलेला नाही. भूसंपादन, टँकर, बाजार समितीतले घोटाळे यांची नोंद बहुधा जिल्हा पुरवणीतच होते आणि ती पुरवणी शोधायची तर गठ्ठे उपसावे लागतात.

केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना मिळावीत, असे ठरले. निर्णय चांगला, पण योजना संशोधनपत्रिकांची आहे. तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय त्यात नाही आणि मराठी दैनिकाचे कालचे पानही नाही.

खरा धोका याहून मोठा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत देणे बंधनकारक केले आणि १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रेही आली. हा कायदा छापील कागदाचा. आज कित्येक बातम्या फक्त संकेतस्थळावर येतात, मागाहून गुपचूप बदलतात, मालक बदलला की नाहीशा होतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीत २०१३ मधली ३८ टक्के वेबपाने दहा वर्षांनी सापडली नाहीत. गुगलने जुन्या वृत्तपत्रांच्या डिजिटायझेशनचा प्रकल्प २०११ मध्येच गुंडाळला. खासगी कंपनीच्या मर्जीवर आपली स्मृती सोपवण्याचा अनुभव जगाने घेऊन झाला आहे.

म्हणून राज्य सरकारने मराठी दैनिकांशी एकत्रित करार करून १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील अनुदानित ग्रंथालयांना शोधता येण्याजोगा वृत्तसंग्रह द्यावा. गावच्या ग्रंथपालाला, ज्याला धड पगार मिळत नाही, स्वतंत्र वर्गणी भरायला सांगणे ही थट्टा ठरेल. वृत्तपत्रांच्या मालकांनीही आपापल्या संग्रहांना लावलेली कुलपे काढावीत. आणि संसदेने १९५४ च्या कायद्यात डिजिटल बातमीला जागा द्यावी, तीही पुढच्या निवडणुकीआधी, कारण निवडणुकीच्या काळातल्या बातम्याही मागाहून बदलू किंवा पुसल्या जाऊ शकतात.