दोन जोड टायर, एक सायकल

जयसिंगपूरच्या एका व्यापारी घरातील मुलाने गेल्या दिवाळीपूर्वी सायकलने पेढीवर जाण्याचे ठरविले. पेढी सांगलीच्या मार्केट यार्डात; अंतर दहा-बारा किलोमीटर. रस्ता बहुतांशी डांबरी, पण वाहनांची वर्दळ चुकविण्यासाठी मधला एक तुकडा शेतांमधून जाणारा कच्चा. शिवाय कोल्हापूरच्या मित्रांसमवेत वर्षातून एखाददुसऱ्या शर्यतीत उतरण्याची हौस होतीच. दुकानात त्याने शर्यतीची हलकी सायकल पसंत केली. वडिलांनी किंमत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, ‘‘अरे, शर्यतीला ही ठीक, पण उसाच्या हंगामात तू पेढीवर कसा येणार?’’

मुलाजवळ उत्तर नव्हते.

हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातील काळी माती चाकांबरोबर रस्त्यावर आणतात. ती ओली असली की टायरला चिकटते आणि टायर व फ्रेम यांमधील फटीत साचत जाते. शर्यतीच्या पुष्कळशा सायकलींना २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात आणि भोवती मोकळी जागा अगदी थोडी. चिखल भरला की चाक फिरेनासे होते. खडीवर हा टायर घसरतो आणि खड्ड्याच्या काठावर आदळला की ट्यूब चिमटून पंक्चर होते. म्हणून सायकल घेताना वजन पाहण्याआधी ही फट पाहावी. टायर केव्हाही बदलता येतो, फ्रेममधील जागा मात्र मागाहून वाढविता येत नाही.

मग डोंगरी सायकल घ्यावी काय? तिचे दोन इंचांहून रुंद, खाचांचे टायर आणि पुढचे सस्पेन्शन कच्च्या वाटेवर सुखाचे. पण डांबरावर रोज तेवढी शक्ती व्यर्थ जाते. सरळ दांड्याची हायब्रिड हा मधला मार्ग. शर्यतीची हौस नसेल तर तीच घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. लांबच्या पल्ल्यावर मात्र तिच्या दांड्यावर हात धरण्याची जागा एकच राहते. तळवे बधिर होतात आणि समोरचा वारा छातीवर झेलावा लागतो.

खाली वळलेला दांडा आणि रुंद टायरला जागा, असा मेळ नवा नाही. हिवाळी चिखलातून धावण्याच्या सायक्लोक्रॉस या प्रकाराची फ्रान्समधील पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. त्याच्या अलीकडच्या भावंडाला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. बहुतेक ग्रॅव्हल सायकलींत ४० मिलिमीटरपर्यंत टायर बसतो, डिस्क ब्रेक असतात, आणि कॅरियर व मडगार्डसाठी फ्रेमला भोके ठेवलेली असतात. वहीखाते व डबा नेणाऱ्यास ही भोके महत्त्वाची. काही सायकलींचे सीट चामड्याचे असते, तेव्हा तेही आधीच विचारून घ्यावे.

या सायकलीला टायरच्या दोन जोड्या ठेवाव्यात: रोजच्यासाठी ३८ ते ४० मिलिमीटरची, शर्यतीसाठी २८ ते ३२ मिलिमीटरची गुळगुळीत. दोन्ही रुंदी त्या रिमला चालतात ना, याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. दुसऱ्या सायकलीच्या किमतीपुढे टायरच्या एका जोडीचा खर्च किरकोळ आहे.

यात तोटा नाही असे नव्हे. शर्यतीच्या सायकलीपेक्षा ही किलो-दीड किलो जड भरते. पण स्वार व सायकल मिळून ८५ किलो धरले, तर दीड किलो म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. सपाटीवर खरा विरोध वाऱ्याचा असतो. तेथे वजनापेक्षा बसण्याची ठेवण अधिक कामाची. घाटात मात्र हा फरक जाणवतो. त्यासाठी पुढे ४६ व ३० दात्यांची आणि मागे ११ ते ३४ दात्यांची चक्रे असलेली गियररचना सोयीची. चढावर पाय मोकळे फिरतात, आणि सपाटीवर ताशी ४५ किलोमीटरपर्यंत दाते कमी पडत नाहीत. पायच कमी पडतात, ही गोष्ट वेगळी!

मित्रमंडळी ज्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची चर्चा करतात, ती तर शर्यतही नव्हे. साडेतेरा तासांत पल्ला पुरा करावयाचा असतो. विश्रांती धरून ताशी पंधरा किलोमीटरहूनही किंचित कमी सरासरी. तेथे पंक्चर न होणारा टायर हलक्या टायरपेक्षा अधिक वेळ वाचवितो. खऱ्या शर्यतीत उतरताना मात्र कोणत्या प्रकारच्या सायकली चालतात, हे नियम नाव नोंदविण्यापूर्वीच वाचावेत.

ब्रेकविषयी एक व्यवहाराची गोष्ट. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक उत्तम, परंतु त्यांची दुरुस्ती प्रत्येक गावी होत नाही. तारेचे डिस्क ब्रेक जवळच्या मिस्त्रीलाही जमण्यासारखे.

पुढच्या रविवारी मुलगा खिशात फूटपट्टी घेऊन दुकानात गेला. तीन सायकलींच्या टायरभोवतीची फट त्याने मोजली, एकीवरून अर्धा तास फेरी मारली आणि तीच घेतली. हंगामभर तो तिच्यावरूनच पेढीवर आला. बारीक टायरांची जोडी पेढीच्या माळ्यावर खुंटीला टांगलेली आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री ती खाली उतरते.