आसूड आधी आपल्याच अंगणात

"युरोपातली चर्चेस ओस पडलीत, विकली जातायत. आणि आपल्या मस्जिदी बघा, जुम्याला रस्त्यापर्यंत सफा लागतात!" हे वाक्य मी लग्नात ऐकले, शिक्षकांच्या खोलीत ऐकले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच वाचते. ऐकणाऱ्याला बरे वाटते. मला हल्ली वाटत नाही.

१५ एप्रिल २०१९ च्या रात्री पॅरिसचे नोत्र दाम जळत होते, तेव्हा त्याच 'ओस' युरोपातली तरुण मुले रस्त्यावर गुडघे टेकून प्रार्थनागीते म्हणत होती. एरवी चर्चमध्ये कोण येते, हे मोजून आदर मोजता येत नाही. मग भरलेल्या सफा मोजून तरी कसा मोजता येईल?

देवाच्या घराविषयीचा आवेश म्हटले की ख्रिस्ती माणसाला एक प्रसंग आठवतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो आहे. येशू, म्हणजे आपले हजरत ईसा (अलैहिस्सलाम), जेरुसलेमच्या मंदिरात दोरांचा आसूड करून गुरे-मेंढरे हाकलतात, सराफांचे चौरंग उलथवतात. आजच्या शुभवर्तमानाचा शब्दन्‌शब्द आपण मानत नाही, हे ठाऊक आहे. तरी दोन गोष्टी बघा. हा आसूड रोमनांच्या देवळात उगारलेला नव्हता, स्वतःच्याच लोकांच्या इबादतगाहीत होता. आणि बाजार भरला होता तो बाहेरच्या अंगणात, जिथवर परक्यांनाही यायची मुभा होती. म्हणजे बाजाराने जागा खाल्ली ती बाहेरच्यांची.

हाच आवेश भाऊबंदांवर उलटला की काय होते, तेही ख्रिस्ती जगानेच दाखवले आहे. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चवर सहा पंथांचे हक्क आहेत. दारावरच्या खिडकीखालची एक शिडी अठराव्या शतकापासून तिथेच आहे, कारण ती हलवायची कोणी यावर एकमत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंची आत हाणामारी झाली, पोलीस शिरले. दाराची किल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे.

हे सांगताना आपली छाती फुगते. हजरत उमर (रजि.) यांनी त्या चर्चमध्ये नमाज पढायचे टाळले, पुढे मुसलमानांनी त्यावर हक्क सांगू नये म्हणून, हा वृत्तांतही आपण अभिमानाने सांगतो. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाने मस्जिदे नबवीत आपली प्रार्थना केली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. मग आपल्या गल्लीतल्या मस्जिदीच्या दारावर 'अमुक मसलकवाल्यांनी येऊ नये' ही पाटी कोणत्या सुन्नतीने लागते?

मागच्या वर्षी प्रवासात असरची वेळ झाली. मस्जिद समोर होती. दारातल्या चाचांनी सांगितले, "बहेन, औरतों का इंतजाम नहीं है।" मी बसस्टँडच्या बाकावर बसून नमाज अदा केली. अल्लाहच्या बंद्यांना, म्हणजे स्त्रियांना, मस्जिदीपासून रोखू नका, असे प्रेषित (सल्ल.) यांनी सांगितल्याची हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात स्त्रियांना मस्जिदीत नमाजाची मुभा असल्याचे लिहून दिले. कोर्टात मुभा आणि दारात मनाई!

ट्रस्टी म्हणतात, जागा नाही. नव्या मिनाराला जागा होते, एसीला जागा होते, वर्गणीच्या वेळी आमच्या बांगड्याही चालतात. फक्त आमच्या जानमाजला जागा होत नाही. कोणी म्हणतात, फितना होईल. प्रेषितांच्या मस्जिदीत स्त्रिया मागच्या सफेत उभ्या राहात, तेव्हा झाला नाही तो आपल्या गल्लीत कसा होईल?

मस्जिदे हरामची देखभालही ईमान आणि जिहादच्या बरोबरीची नाही, असे सूरह तौबा बजावते. मग आपल्या संगमरवराची काय कथा? म्हणून ओस चर्चेस मोजणे थांबवू या. येत्या जुम्याला कमिटीकडे तीनच गोष्टी मागा: ती पाटी उतरवा, स्त्रियांसाठी वुजूची जागा आणि एक सफ द्या, आणि शेजारच्या बिगरमुस्लिमाला आत येऊन बघू द्या. एवढे झाले की मग गैरतीच्या गोष्टी करू.