पायाचा फुटव्हॉल गळतोय आणि आपण मलम लावतोय

हंगामात गुऱ्हाळघरात सकाळी जा नाहीतर दिवस कलताना जा, गुळव्या काहिलीपुढं उभाच असतो. अशाच एका गुळव्याच्या पायाकडं माझं लक्ष गेलं. पोटरीवर बोटाएवढ्या जाड, निळ्या, वेटोळ्या शिरा. घोट्याच्या वर आतल्या अंगाला कातडी काळी पडलेली आणि मधोमध रुपयाएवढी ओली जखम. "मामा, हे काय झालंय?" म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "इसब हाय. आठ वरसं झाली. बरं हुतंय, परत फुटतंय. उभ्याचं काम हाय, चालायचंच."

हे "चालायचंच" मला खटकलं. म्हणून हे चार शब्द.

शेतकरी बंधूंनो, अशी काळी कातडी आणि पुन्हा पुन्हा फुटणारी जखम म्हणजे बहुतेक वेळा साधं इसब नसतं. ते पायाच्या शिरांचं दुखणं असतं. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. नाव अवघड असलं तरी दुखणं समजायला अवघड नाही. नदीवरून माळाला पाणी चढवणाऱ्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याला तर ते लगेच कळेल.

मोटर बंद केली की पाइपातलं पाणी मागं येऊ नये म्हणून आपण खाली फुटव्हॉल बसवतो, वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो. पायातलं रक्तही असंच चढावर, हृदयाकडं न्यायचं असतं. तिथं पोटरीचा स्नायू हा पंप. चालताना तो आवळतो आणि रक्त वर ढकलतो. शिरांच्या आत ठिकठिकाणी पातळ पडद्यांच्या झडपा असतात, त्या रक्त माघारी येऊ देत नाहीत. माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला की पंप जवळजवळ बंद पडतो आणि रक्ताच्या उभ्या स्तंभाचा भार शिरांवर येतो. घराण्यातच शिरा कमजोर असतील, वजन जास्त असेल, वय झालं असेल, बाईची बाळंतपणं झाली असतील, तर झडपा लवकर गळू लागतात. रक्त खाली उतरतं, साचतं आणि शिरा फुगतात.

पुढचं शिरोळकडच्या शेतकऱ्यानं सांगावं. पाणी साचून राहिलं की काळी कसदार जमीनसुद्धा क्षारपड होते. घोट्याजवळच्या कातडीचं तेच होतं. आधी खाज, मग काळेपणा, मग कातडी टणक आणि शेवटी जखम. क्षारपड रानात वरून कितीही खत टाकलं तरी पीक येत नाही, आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो. मग पायाच्या जखमेवर आठ-आठ वर्षं नुसतं मलम चोपडून ती कशी भरावी? हळद, चुना, तंबाखू, पाला लावून तर ती आणखी चिघळते.

हे दुखणं एकट्या गुळव्याचं नाही. इचलकरंजीत मागावर पाळी करणारा कामगार, हॉटेलातला आचारी, कापडदुकानातली मुलगी, चौकातला पोलीस, फळ्यापुढचा मास्तर, सगळे या रांगेत आहेत. बायकांचं तर जास्तच अवघड. लुगड्याखाली पाय झाकलेला असतो, कुणाला दाखवायची लाज वाटते आणि दाखवायला वेळही नसतो. जखम वाहायला लागल्यावरच घरच्यांना कळतं.

खुणा ओळखायला सोप्या आहेत. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याला सूज येते आणि सकाळी ती उतरते. रात्री पोटरीत गोळे येतात. एवढ्यावरच दाखवलं तर पुढचं बरंच टळतं. तपासणी आहे ती डॉप्लर सोनोग्राफीची. सुई नाही, दुखत नाही. कुठली झडप गळते ते त्यात दिसतं.

उपचार काय? पहिलं म्हणजे पंप चालू ठेवणं. काम उभ्याचं असलं तरी अधूनमधून चार पावलं चाला, जागच्या जागी टाचा वर-खाली करा. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा घाला. डॉक्टरांनी माप घेऊन दिलेले दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच घाला. मोज्यानं गळती बुजत नाही, पण सूज आणि त्रास कमी होतो. मात्र तंबाखू-विडीवाल्यांनी आणि साखरेच्या रोग्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये. शुद्ध रक्त पोचवणाऱ्या धमन्याच आखडलेल्या असतील तर दाबानं पाय गमवायची वेळ येईल.

गळणारी शीर कायमची बंदही करता येते. पूर्वी कापून ओढून काढत. आता लेसरनं किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेनं आतूनच बंद करतात, काही ठिकाणी फेसासारखं औषध टोचतात. बहुतेक रोगी त्याच दिवशी चालत घरी जातो. एक शीर बंद केली तर रक्त जायचं कुठून, अशी भीती लोकांना वाटते. पण रक्ताचा मोठा पाट आतल्या खोल शिरांतून असतो, तो मोकळा आहे हे आधी बघूनच वरची शीर बंद करतात. जखमेला दाबपट्टी बांधून त्याबरोबरच गळती लवकर बंद केली तर जखम लवकर भरते, हे २०१८ साली विलायतेतल्या मोठ्या चाचणीत दिसून आलं आहे.

दोन गोष्टी मात्र प्रत्येक घरात माहीत पाहिजेत. फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर माणसाला उभं ठेवू नका, खुर्चीवर बसवू नका. आडवं झोपवा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडानं फुटल्या जागी घट्ट दाबून ठेवा. धार थांबते. मग दवाखाना गाठा. घाबरून उभं राहिल्यामुळं जीव गेल्याची उदाहरणं आहेत. दुसरी गोष्ट, एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला किंवा त्याबरोबर धाप लागली तर ती आतल्या शिरेतली गाठ असू शकते. तेव्हा चोळू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

आता गावकारभाऱ्यांना आणि मालकांना. उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच ४४ व्या कलमात लिहिलं होतं. २०२० च्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. केरळनं २०१८ साली आणि तामिळनाडूनं २०२१ साली दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यानं दिला. आपल्या गुऱ्हाळघरात, मागाच्या खोलीत एक बाकडं ठेवायला कुठला जीआर लागतो? दोन आधणांच्या मध्ये गुळव्या घटकाभर टेकला तर गूळ बिघडत नाही.

ग्रामपंचायतींनी एवढं करावं. आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर बघतात, तसे पायही बघायला सांगावं. बायकांचे पाय आशाताईंनी आडोशाला बघावेत. जखम असलेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी देऊन सीपीआरला पाठवावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं.

मोटरीचा फुटव्हॉल गळाला तर आपण त्याच दिवशी माणूस बोलावतो, पीक वाळतंय म्हणून. पाय गळतोय तर आठ वर्षं "चालायचंच" म्हणतो. मामांना मी सीपीआरला जायला सांगितलंय. "हंगाम सरू दे," म्हणाले. मालकानं एका दिवसाची हजेरी न कापता त्यांना सोडलं, तर हंगाम सरायची वाट बघावी लागणार नाही.