सांड्याचे बीळ आणि माळाचे गवत

दिवसभर खाणीत, बांधकामावर राबून अंग दुखते. मग बाजारात कोणी सांड्याचे तेल विकायला बसला की आपली माणसे घामाचा पैसा त्याच्या हाती ठेवतात. या तेलाने सांधे बरे होतात याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सांड्याला संरक्षण आहे. तेव्हा ते तेल घेऊच नये. त्यापेक्षा सांड्याचे घर समजून घेऊ.

सांडा आपल्या भद्रावतीच्या रानात नाही. तो राजस्थानच्या वाळवंटातला आणि कच्छच्या माळावरचा, काटेरी शेपटीचा सरडा. मुख्यतः गवत, पाने, फुले खातो. सरड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. सकाळी ऊन हवे, भर दुपारी गारवा. म्हणून बिळाची जागा तो पारखून घेतो. जमीन घट्ट हवी, म्हणजे छप्पर ढासळत नाही. भोवती विरळ गवत हवे, म्हणजे दाराशीच चारा मिळतो आणि झडप घालणारा पक्षी लांबून दिसतो. झाडोरा दाट झाला तर ऊन अडते, शत्रूही दिसत नाही. अगदी उजाड झाले तर खायचे काय?

कच्छच्या बन्नी भागात 1960 च्या दशकात खारटपणा पसरू नये म्हणून वेडी बाभूळ लावली. हेतू चांगला होता. पण हे परदेशी झाड पसरत गेले आणि त्याने गवताळ माळ व्यापला. माळावरच्या जिवांची जागा गेली, तशीच मालधारी पशुपालकांची कुरणेही गेली.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. झाडे लावलीच पाहिजेत. पण कुठे आणि कोणते झाड, हे आधी विचारावे. गावाबाहेरच्या माळाला आपण 'पडीक' म्हणतो. आपल्या शेळ्या मात्र तिथेच चरतात.

घरामागचा साधा सरडाच पाहा. राहतो कुंपणाच्या झुडपात. पण अंडी घालायला मादी खाली उतरते, मऊ ओलसर मातीत खड्डा करते, 10 ते 20 अंडी घालून वर माती लोटते. तिला झुडूपही हवे आणि मोकळी मातीही.

आयाबहिणींनो, सगळे अंगण फरशीने झाकू नका. आणि मुलांनो, सरडा दिसला की दगड उचलू नका. तो कुठे खणतो ते दुरून पाहा.